शेजारच्या आसनावरील माणूस : मोटार विम्याच्या इतिहासात मागे राहिलेला प्रवासी

(१)
कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतून पहाटे एक मोटार निघते, अशी कल्पना करावी. मालक स्वतः गाडी चालवतो आहे. शेजारी पत्नी आहे. मागे तालमीतला मित्र आणि "बसा की काका, जागा हाय गाडीत" असे म्हणून बसवून घेतलेले शेजारचे गृहस्थ आहेत. खासबाग मैदान मागे पडते, तावडे हॉटेलजवळ गाडी महामार्गाला लागते आणि पुढे कुठेतरी रस्ता सोडून झाडावर आदळते. दुसरे वाहन त्यात गुंतलेले नाही. चौघेही गंभीर जखमी होतात. औषधोपचाराचा खर्च, बुडालेली कमाई आणि कायमचे अपंगत्व यांची भरपाई कोणी द्यायची?

(२)
या प्रश्नाचे उत्तर अपघात कोणत्या साली झाला यावर अवलंबून आहे. १९३८ साली ते एक होते, १९५० साली दुसरे, १९७८ साली तिसरे. आजही एका वाक्यात ते देता येत नाही, कारण ते गाडीच्या कप्प्यात ठेवलेल्या विमापत्रावर कोणता शब्द छापला आहे यावर ठरते. हीच मोटार, हेच चौघे आणि हेच झाड घेऊन मोटार विम्याचा गेल्या सुमारे नव्वद वर्षांचा इतिहास या धाग्यात तपासला आहे.

(३) साल १९३८
छत्रपती राजाराम महाराजांची मेबॅक मोटार आजही विजयादशमीला दसरा चौकात येते आणि तिला पाहण्यासाठी गर्दी लोटते. ती मोटार ज्या काळातली, त्या काळात कोल्हापूर हे स्वतंत्र संस्थान होते. ब्रिटिश हिंदुस्थानचे कायदे संस्थानात आपोआप लागू होत नसत. मात्र लागू असते, तरी फारसा फरक पडला नसता. ब्रिटिश हिंदुस्थानातील १९१४ च्या मोटार वाहन कायद्यात नोंदणी, परवाना आणि वेगावरील नियंत्रण होते. विम्याची सक्ती नव्हती.

(४)
म्हणजे १९३८ साली आपल्या मोटारीतील जखमी शेजाऱ्याने काय करावे? चालकाचा निष्काळजीपणा सिद्ध करून दिवाणी दावा लावावा. ब्रिटिश मुलखात मृताच्या वारसांसाठी १८५५ चा प्राणांतिक अपघात कायदा होता. तो मुळात रेल्वेच्या आणि यंत्रांच्या युगारंभी इंग्लंडमधून आलेल्या विचाराचे अपत्य. दावा जिंकला, तरी वसुली होई ती मालकाच्या ऐपतीइतकीच. मालक कर्जबाजारी असेल, तर हुकूमनामा हाती येई आणि पैसा येत नसे. शिवाय आपल्याला आपुलकीने गाडीत बसवून घेतलेल्या माणसावर फिर्याद करायची, हा पेठेतील कोणाही शेजाऱ्याला न पेलणारा प्रसंग.

(५)
हुकूमनामा आहे पण पैसा नाही, ही अडचण इंग्लंडने आधी अनुभवली. तेथे १९३० च्या रोड ट्रॅफिक ॲक्टने विमा सक्तीचा केला. सार्वजनिक रस्त्यावर मोटार आणायची असेल, तर तिच्यामुळे इतरांना होणाऱ्या इजेची जबाबदारी उचलणारे विमापत्र हवेच. या 'इतरां'ना विम्याच्या भाषेत 'त्रयस्थ पक्ष' म्हणतात. विमापत्राचा पहिला पक्ष वाहनमालक, दुसरा पक्ष विमा कंपनी आणि या कराराशी काहीही संबंध नसताना ज्याला इजा झाली, तो तिसरा.

(६)
येथेच आपल्या शेजाऱ्याचा घात झाला. रस्त्यावरचा पादचारी हा त्रयस्थ, हे सर्वांना मान्य होते. परंतु गाडीच्या आत बसलेला माणूस? इंग्लिश कायद्याने त्याला सक्तीच्या विम्यातून वगळले. पादचाऱ्याने धोका पत्करलेला नसतो, प्रवासी मात्र आपल्या इच्छेने गाडीत बसतो. शिवाय यजमान आणि पाहुणा संगनमत करून विमा कंपनीकडून पैसे उकळतील, अशी भीती या भूमिकेमागे होती. भाडे देऊन बसलेल्या प्रवाशाला मात्र संरक्षण मिळाले, कारण त्याच्याकडून वाहनधारक पैसे कमावत होता. ही चूक दुरुस्त करायला खुद्द इंग्लंडला १९७१ पर्यंत थांबावे लागले.

(७) साल १९५०
हिंदुस्थानच्या १९३९ च्या मोटार वाहन कायद्याने हाच साचा उचलला. विम्याची सक्ती सांगणारे त्याचे आठवे प्रकरण प्रत्यक्ष अमलात आले ते १ जुलै १९४६ रोजी. १ मार्च १९४९ ला कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले आणि पेठेतील मोटारमालक नव्या राज्याच्या कायद्यांखाली आले. या कायद्याच्या कलम ९४ ने विमा सक्तीचा केला, तर कलम ९५ ने त्या विम्यात कोण येतो आणि कोण येत नाही, ते सांगितले.

(८)
कलम ९५ प्रमाणे वाहनातील प्रवासी दोनच परिस्थितींत सक्तीच्या विम्यात येई. एक, तो भाड्याने किंवा मोबदल्याने नेला जात असेल. दोन, तो नोकरीच्या करारामुळे गाडीत बसलेला असेल. भाड्याच्या प्रवाशाच्या जिवालाही कायद्याने किंमत ठरवून दिली होती. सहापर्यंत प्रवासी नेणाऱ्या वाहनात माणशी ४,००० रुपये, त्याहून मोठ्या वाहनात माणशी २,००० रुपये आणि सर्व मिळून २०,००० रुपये. टॅक्सीतला माणूस बसमधल्या माणसाच्या दुप्पट मोलाचा, असा त्याचा सरळ अर्थ.

(९)
आता आपली मोटार. मागच्या आसनावरील काकांनी भाडे दिलेले नाही आणि ते मालकाचे नोकरही नाहीत. मित्राचेही तेच, पत्नीचेही तेच. म्हणजे १९५० साली मालकाने कायद्याप्रमाणे विमा उतरवला असला, तरी या तिघांना विमा कंपनीकडून एक रुपयाही मिळाला नसता. त्याच अपघातात रस्त्याकडेच्या एखाद्या वाटसरूला धक्का लागला असता, तर त्याला मात्र भरपाई मिळाली असती. गाडीबाहेरचा अनोळखी माणूस सुरक्षित आणि गाडीतला आपला माणूस उघड्यावर, अशी ही रचना होती.

(१०)
अशा प्रवाशासाठी इंग्रजी न्यायालयीन भाषेत जो शब्द रूढ झाला, त्याचा मराठी अर्थ होतो 'विनामोबदला प्रवासी'. व्यवहारात 'फुकटा प्रवासी' असाच त्याचा उच्चार होई. कोल्हापुरात गाडीत जागा असताना शेजाऱ्याला एसटी थांब्यावर उभे ठेवणे हा असभ्यपणा समजला जातो. कायद्याने मात्र या आतिथ्याला मोबदल्याच्या तराजूत तोलले, आणि मोबदला नाही म्हणून पाहुण्याला हिशेबातून वजा केले.

(११)
१९५६ च्या दुरुस्तीने एक मोठी सुधारणा आणली. अपघाताच्या दाव्यांसाठी मोटार अपघात दावा न्यायाधिकरणे स्थापन करण्याची तरतूद झाली. दिवाणी दाव्याचे मोठे मुद्रांकशुल्क आणि वर्षानुवर्षांचे खेटे यांतून जखमींची सुटका व्हावी, हा त्यामागचा हेतू. दार सोपे झाले. परंतु आत गेल्यावर 'विनामोबदला प्रवासी' हा जुनाच पहारेकरी उभा होता. या पहारेकऱ्याशी झालेली सर्वांत महत्त्वाची झुंज सुरू झाली ती विदर्भाच्या रस्त्यावर.

(१२) नागपूर ते पांढुर्णा, १८ डिसेंबर १९६०
एका जिनिंग कंपनीची मोटार नागपूरहून पांढुर्ण्याकडे निघाली होती. चालवणारा कंपनीचा व्यवस्थापक होता आणि बरोबर एक परिचित गृहस्थ. मोटार रस्ता सोडून झाडावर आदळली आणि दोघेही मरण पावले. काय घडले हे सांगणारा कोणी उरला नाही. मृत प्रवाशाच्या पत्नीने आणि मुलांनी दावा लावला. न्यायाधिकरणाने सुमारे ३१ हजार रुपयांची भरपाई मंजूर केली. उच्च न्यायालयाने ती रद्द केली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. कायद्याच्या अभ्यासकांना हा खटला 'रणजित जिनिंग' या नावाने परिचित आहे.

(१३)
निकाल लागला २५ मार्च १९७७ रोजी, म्हणजे अपघातानंतर सोळा वर्षांनी. न्यायालयाने तीन गोष्टी सांगितल्या. पहिली, चांगल्या रस्त्यावरून जाणारी मोटार आपोआप झाडावर जात नाही. घटना स्वतःच निष्काळजीपणाची साक्ष देते आणि तसे नव्हते, हे दाखवण्याचा भार मालकावर पडतो. दुसरी, व्यवस्थापक कंपनीच्या कामासाठी निघालेला असताना त्याने कोणाला सोबत घेतले, एवढ्यावरून कंपनीची जबाबदारी संपत नाही. या दोन्ही गोष्टी वारसांच्या बाजूच्या होत्या.

(१४)
तिसरी गोष्ट मात्र विमा कंपनीच्या बाजूची होती. कायद्याने सक्तीच्या केलेल्या विम्यात विनामोबदला प्रवासी येत नाही, असे न्यायालयाने स्पष्ट केले. कंपनीने प्रवाशांसाठी स्वतंत्र हप्ता भरून जादा संरक्षण घेतले होते, त्याची मर्यादा होती १५,००० रुपये. विमा कंपनीने तेवढेच द्यावे. उरलेली रक्कम मोटारमालक कंपनीने भरावी. वारसांना न्याय मिळाला तो मालक ऐपतदार असल्यामुळे आणि त्याने ऐच्छिक जादा विमा घेतला असल्यामुळे. मंगळवार पेठेतील कर्जाऊ गाडीच्या मालकाकडून असे काही वसूल झाले असते का, हा प्रश्न निकालाच्या शेवटी तसाच उभा राहतो.

(१५) साल १९७८
या निकालाचे पडसाद संसदेपेक्षा आधी विमा उद्योगात उमटले. १ जानेवारी १९७३ पासून सर्वसाधारण विम्याचे राष्ट्रीयीकरण अमलात आले होते आणि शंभराहून अधिक कंपन्या चार सरकारी कंपन्यांत विलीन झाल्या होत्या. विमापत्राचा मजकूर आणि हप्ते ठरवण्याचा अधिकार टॅरिफ ॲडव्हायझरी कमिटीकडे होता. या समितीने १९७८ मध्ये परिपत्रक काढले : खाजगी मोटारीच्या 'सर्वंकष' विमापत्रात, भाडे न देता बसलेल्या व्यक्तींच्या इजेची जबाबदारीही अंतर्भूत समजावी. हा बदल कधीपासून लागू? २५ मार्च १९७७ पासून. सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाची तारीख हीच.

(१६)
परंतु या परिपत्रकाने मोटारमालकांचे दोन वर्ग पडले. ज्याने केवळ कायद्याची सक्ती पाळण्यापुरते स्वस्त विमापत्र घेतले, त्याच्या गाडीतील पाहुणा पूर्वीइतकाच असुरक्षित राहिला. ज्याने सर्वंकष विमापत्र घेतले, त्याच्या गाडीतील पाहुणा सुरक्षित झाला. पाहुण्याला या दोहोंतील फरक ठाऊक असण्याचे काही कारण नव्हते. गाडीत बसण्यापूर्वी यजमानाकडे विमापत्र मागणारा पाहुणा अजून जन्माला यायचा आहे. पुढे २ जून १९८६ च्या परिपत्रकाने दुचाकीच्या मागच्या आसनावरील व्यक्तीलाही सर्वंकष विमापत्रात स्थान दिले.

(१७)
याच काळात भरपाईच्या तुटपुंज्या मर्यादांवरही आघात झाला. १९६६ साली गुजरातेत एक ट्रक आणि ऑटोरिक्षा यांची टक्कर झाली होती. रिक्षाचालक मरण पावला आणि रिक्षातील प्रवासी जखमी झाला. 'एका अपघाता'साठी ठरलेली कमाल रक्कम दोघांत वाटायची, की प्रत्येकाला स्वतंत्र, असा वाद होता. १९८१ साली सरन्यायाधीश यशवंत विष्णू चंद्रचूड यांच्या पीठाने निर्णय दिला : प्रत्येक जखमीच्या दृष्टीने तो स्वतंत्र अपघातच आहे, म्हणून मर्यादाही प्रत्येकाला स्वतंत्र लागू होईल. पुण्यात जन्मलेल्या या न्यायाधीशाने कायद्यातील एका शब्दाकडे जखमी माणसाच्या जागेवरून पाहिले.

(१८)
या खटल्यातून एक मूलभूत नियमही समजून घ्यावा. रिक्षातील प्रवासी हा ट्रकच्या दृष्टीने निर्विवाद त्रयस्थ होता. म्हणजेच चूक समोरच्या वाहनाची असेल, तर त्या वाहनाच्या सक्तीच्या विम्यातून आपल्या गाडीतील सर्वांना, अगदी मालकालाही, भरपाई मागता येते. प्रवाशाचा खरा प्रश्न उद्भवतो तो ज्या गाडीत तो बसला आहे, तिच्याच चालकाची चूक असेल तेव्हा. झाडावर आदळलेली मोटार हे त्याचे सर्वांत शुद्ध उदाहरण.

(१९)
१९८२ च्या दुरुस्तीने आणखी एक पाऊल टाकले. मृत्यू किंवा कायमचे अपंगत्व आल्यास दोष कोणाचा, हे न पाहता तातडीने ठरावीक रक्कम देण्याचे तत्त्व स्वीकारले गेले : मृत्यूसाठी १५,००० आणि अपंगत्वासाठी ७,५०० रुपये. १९८८ च्या नव्या कायद्याने या रकमा २५,००० आणि १२,००० केल्या. १९९४ मध्ये त्या ५०,००० आणि २५,००० झाल्या. त्याहून महत्त्वाचे म्हणजे मृत्यू आणि शारीरिक इजा यांसाठी विमा कंपनीच्या जबाबदारीवर असलेली जुनी कमाल मर्यादा १९८८ च्या कायद्याने काढून टाकली.

(२०)
आकड्यांमागे माणसे असतात, हे कोल्हापूरला वेगळे सांगावे लागत नाही. २१ जून १९८४ रोजी या शहराचे लाडके अभिनेते अरुण सरनाईक, त्यांची पत्नी आणि मुलगा मोटार अपघातात मरण पावले. २६ जानेवारी २०१८ च्या रात्री शिवाजी पुलावरून एक मिनीबस पंचगंगेत कोसळली आणि १३ जणांचे प्राण गेले. काठावरच्या वस्तीतील लोक अंधारात पाण्याकडे धावले. मोटारीत बहुधा एकाच घरातील माणसे एकत्र बसलेली असतात. म्हणून प्रवाशांच्या विम्याचा प्रश्न हा अनेकदा एका व्यक्तीचा नसून एका संपूर्ण कुटुंबाच्या भवितव्याचा असतो.

(२१) साल १९९९ ते २००२
१९८८ च्या कायद्यातील कलम १४७ ची शब्दरचना जुन्यापेक्षा वेगळी होती. जुना अपवाद त्यात तसाच उतरला नव्हता आणि 'कोणतीही व्यक्ती' असे व्यापक शब्द आले होते. मग आता विनामोबदला प्रवासीही आत आला का? १९९९ साली सर्वोच्च न्यायालयाच्या 'सतपाल सिंग' निकालाने मालवाहू वाहनातील प्रवाशांबाबत 'होय' असे उत्तर दिले. तीन वर्षांनी, डिसेंबर २००२ मध्ये, 'आशा राणी' खटल्यात तीन न्यायाधीशांच्या पीठाने ते उत्तर रद्द ठरवले. माल नेण्यासाठी असलेल्या वाहनात माणसे बसवली, तर त्यांचा भार सक्तीच्या विम्यावर टाकता येणार नाही. १९९४ च्या दुरुस्तीने सामावून घेतला तो फक्त मालाचा मालक किंवा त्याचा अधिकृत प्रतिनिधी.

(२२)
दिल्लीत दिलेल्या या निकालाचा अर्थ कोल्हापूर जिल्ह्यात फार जवळून भिडतो. चैत्र यात्रेला जोतिबाच्या डोंगराकडे निघालेला टेम्पो, लग्नाच्या वऱ्हाडाने भरलेला ट्रक, उसाच्या हंगामात कुटुंबासह निघालेली ट्रॅक्टरची ट्रॉली : ही या मुलखाची नित्याची दृश्ये आहेत. त्यांत बसणारा माणूस ना मालाचा मालक, ना भाड्याचा कायदेशीर प्रवासी. काही प्रकरणांत न्यायालयांनी 'विमा कंपनीने आधी द्यावे आणि मग वाहनमालकाकडून वसूल करावे' असा मधला मार्ग काढला. परंतु तो जखमीचा हक्क म्हणून नव्हे, न्यायालयाचा विवेक म्हणून.

(२३)
वडापची गोष्ट याच्या उलट टोकाची. खाजगी क्रमांकाच्या जीपमध्ये माणशी पैसे घेऊन प्रवासी बसवले, की 'भाडे न देता बसलेली व्यक्ती' ही सर्वंकष विमापत्राची अट मोडते. म्हणजे मोबदला दिला नाही म्हणून एका काळी संरक्षण नाही, आणि मोबदला दिला म्हणून दुसऱ्या ठिकाणी वाद. प्रवासी वाहतुकीचा परवाना असलेल्या वाहनातील प्रवासी मात्र १९३९ च्या कायद्यापासूनच सक्तीच्या विम्याच्या कक्षेत आहे. एसटीसारख्या सरकारी परिवहन उपक्रमांना स्वतंत्र निधी राखण्याच्या अटीवर कायदा विम्यातून सूट देतो. तेथे भरपाई महामंडळच देते.

(२४) साल २००९ ते २०१२
'आशा राणी'चे तर्कशास्त्र पुढे दुचाकीच्या मागच्या आसनापर्यंत पोहोचले. २००६ आणि २००८ मधील निकालांत सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की केवळ कायद्यापुरत्या विमापत्रात मागे बसलेली व्यक्ती येत नाही. या निकालांचा आधार घेऊन विमा कंपन्या सर्वंकष विमापत्र असतानाही प्रवाशांचे दावे नाकारू लागल्या. १९७८ आणि १९८६ ची परिपत्रके विस्मृतीत गेल्यासारखी झाली होती. अखेर विमा नियामक प्राधिकरणाने १६ नोव्हेंबर २००९ रोजी परिपत्रक काढून कंपन्यांना त्यांचीच जुनी जबाबदारी स्मरण करून दिली.

(२५)
नोव्हेंबर २०१२ मध्ये 'बालकृष्णन' खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही विमापत्रांतील भेद स्पष्ट केला. केवळ कायद्यापुरते विमापत्र असेल, तर खाजगी मोटारीतील प्रवासी त्यात नाही. 'पॅकेज' अर्थात सर्वंकष विमापत्र असेल, तर तो त्यात आहे. सक्तीच्या विम्याची मूळ भिंत शाबूत राहिली. मात्र तिच्यातील दार कोठे आहे, हे निदान सर्वांना दिसू लागले.

(२६)
मालक-चालकाचे काय? तो स्वतःच्या निष्काळजीपणाबद्दल स्वतःवर दावा करू शकत नाही, म्हणून तो त्रयस्थ नव्हे. त्याच्यासाठी २००२ च्या टॅरिफने सक्तीचा वैयक्तिक अपघात विमा आणला. २०१८ साली त्याची रक्कम १५ लाख रुपये झाली. प्रवाशांसाठीही असा वैयक्तिक अपघात विमा घेता येतो, मात्र तो ऐच्छिक. त्यात दोष कोणाचा, हे पाहिले जात नाही. ठरलेली रक्कम मिळते. प्रवाशाच्या जबाबदारीचे संरक्षण आणि प्रवाशाचा वैयक्तिक अपघात विमा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्यात न्यायाधिकरण वय, उत्पन्न आणि अपंगत्व पाहून रक्कम ठरवते. दुसरीत ती आधीच छापलेली असते.

(२७) साल सध्याचे
आता पुन्हा झाडावर आदळलेल्या त्या मोटारीकडे यावे. विमापत्र 'फक्त त्रयस्थ दायित्वा'चे असेल, तर पत्नी, मित्र आणि शेजारचे काका यांना विमा कंपनीकडून हक्काने काही मागता येत नाही. काकांना भरपाई हवी असेल, तर ती थेट मालकाच्या खिशातून. म्हणजे १९५० चेच उत्तर. विमापत्र 'पॅकेज' असेल, तर तिघेही गाडीतील व्यक्ती म्हणून संरक्षित आहेत. विमापत्राच्या शब्दांत नात्याचा अपवाद नाही. दोन्ही प्रसंगी रस्ता तोच, झाड तेच आणि इजाही तीच.

(२८)
काही गोष्टी बदलल्या आहेत, त्याही नोंदवल्या पाहिजेत. २०१९ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२२ पासून या भागापुरती अमलात आली; दोष न पाहता मिळणारी रक्कम तिने मृत्यूसाठी ५ लाख आणि गंभीर दुखापतीसाठी अडीच लाख रुपये केली. मात्र दावा दाखल करण्यासाठी १९९४ मध्ये उठवलेली सहा महिन्यांची मुदत तिने पुन्हा आणली. मे २०२५ मध्ये अपघातग्रस्तांसाठी विनारोख उपचारांची केंद्रीय योजना अधिसूचित झाली : पहिल्या सात दिवसांत प्रत्येकी दीड लाख रुपयांपर्यंत. उपचाराच्या पहिल्या आठवड्यात 'हा प्रवासी कोणत्या प्रकारचा' हा प्रश्न तेथे विचारला जात नाही. नव्वद वर्षांच्या इतिहासात हे लहानसे स्थित्यंतर नव्हे.

(२९)
दुसरा बदल कोल्हापूरचा स्वतःचा. न्यायाधिकरणाच्या निर्णयाविरुद्धचे अपील उच्च न्यायालयात जाते. दशकानुदशके त्यासाठी मुंबई गाठावी लागे. कुबड्या घेऊन चालणाऱ्या माणसाला किंवा विधवेला त्या खेट्यांचा अर्थ काय असतो, हे वकिलांच्या दीर्घ आंदोलनात वारंवार मांडले गेले. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरात मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच सुरू झाले. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांची अपिले आता भाऊसिंगजी रस्त्यावर चालतात. समोरच सीपीआर रुग्णालय आहे, जेथे अपघातातील जखमी आणले जातात. जखमी झालेल्या माणसाची दोन्ही दारे आता एकमेकांसमोर आहेत.

(३०)
या इतिहासातील पावले तपासली, तर एक गोष्ट जाणवते. १९७७ चा निकाल, १९७८ चे परिपत्रक, १९८१ ची व्याख्या, २००९ चे स्मरण आणि २०१२ चा निर्वाळा यांपैकी बहुतेकांच्या मागे कोणा एका कुटुंबाने वर्षानुवर्षे चालवलेला दावा आहे. झाडावर आदळलेल्या मोटारीतील माणसाच्या पत्नीने सोळा वर्षे धीर सोडला नाही, म्हणून पुढच्या लाखो प्रवाशांच्या विमापत्राचा मजकूर बदलला. परंतु कायद्याची सक्ती अजूनही गाडीबाहेरच्या माणसापाशी थांबते. आतल्या माणसाचे संरक्षण मालकाच्या निवडीवर सोपवलेले आहे.

(३१)
ती निवड विमापत्राच्या पहिल्या पानावर दिसते. तेथे 'पॅकेज' किंवा 'सर्वंकष' असे लिहिले आहे, की फक्त 'दायित्व', एवढे पाहायला अर्धा मिनिट पुरतो. जुनी गाडी झाली, आता स्वस्तातला विमा पुरे, असे म्हणून दरवर्षी अनेक मालक पहिल्या प्रकाराकडून दुसऱ्याकडे सरकतात. गाडीच्या पत्र्याची किंमत घटली, म्हणून हप्ता कमी करावा, हा हिशेब बरोबर आहे. फक्त त्या हिशेबात मागच्या आसनावरील काका धरलेले नसतात.